मंद आच, मोठी आच : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की गॅसवर पाणी आणि घर गरम करण्याबद्दलची पत्रे वाढतात. त्यांपैकी चार या अंकात घेतली आहेत. पहिले अमेरिकेतल्या घराबद्दलचे आहे, पण पत्र आले आहे कोथरूडहून. पुण्यातून मुलांकडे हिवाळा काढायला जाणारे बरेच जण आहेत, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मुलगा शिकागोजवळ राहतो. घराच्या तळघरात दोन पातळ्यांची (मंद आणि मोठ्या आचेवर चालणारी) गॅस फर्नेस, म्हणजे हवा तापवून घरभर सोडणारे यंत्र, आहे. मुलाने भिंतीवरचा थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानानुसार फर्नेस चालू-बंद करणारा) बदलला, तेव्हापासून फर्नेस दहाएक मिनिटे शांत चालते, मग एकदम मोठा आवाज करत गरम हवा फेकते आणि थोड्या वेळात बंद होते. खोलीत कधी गारठा, कधी उकाडा. बिघाड समजायचा का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : बहुधा बिघाड नाही, नव्या थर्मोस्टॅटला एकच पातळी कळते आहे. दोन पातळ्यांच्या फर्नेसमध्ये गॅसचा झडपही दोन टप्प्यांचा असतो. मंद पातळीवर ती पूर्ण क्षमतेच्या साधारण 65 ते 70 टक्के उष्णता देते. ताशी 80,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे एकक) फर्नेस असेल तर मंद आचेवर सुमारे 52,000 ते 56,000. थर्मोस्टॅटकडून ‘डब्ल्यू1’ तारेवर मंद आचेची आणि ‘डब्ल्यू2’ तारेवर मोठ्या आचेची मागणी यायला हवी. थर्मोस्टॅटला एकच ‘डब्ल्यू’ असेल तर फर्नेसचा सर्किट बोर्ड घड्याळ लावून ठरवतो : ठरावीक मिनिटे मंद, तेवढ्यात खोली तापली नाही तर मोठी. बाहेर उणे पंधरा आहे की अधिक पाच, याच्याशी त्या घड्याळाला देणेघेणे नाही. म्हणून सौम्य थंडीतही भडका होतो, खोली गरजेपेक्षा तापते आणि फर्नेस थांबते.

उपाय म्हणजे दोन पातळ्यांचा थर्मोस्टॅट. आधी भिंतीतली केबल बघायला सांगा. आर (वीज आणणारी), सी (वीज परत नेणारी), डब्ल्यू (हीटिंग), वाय (एसी), जी (पंखा) या पाच तारांपलीकडे एखादी न वापरलेली तार आत गुंडाळून ठेवलेली सापडते, ती ‘डब्ल्यू2’ला चालते. काम करण्याआधी फर्नेसचा वीजपुरवठा बंद करायचाच. तारांमध्ये 24 व्होल्टच असतात, माणसाला धोका नाही. पण ‘आर’ आणि ‘सी’ एकमेकांना टेकल्या की बोर्डवरचा 3 किंवा 5 अँपिअरचा, मोटारीत असतो तसा, फ्यूज उडतो. मग नवा थर्मोस्टॅट ‘खराब निघाला’ म्हणून परत केला जातो.

तार जोडली की काम झाले असे नाही. थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ‘हीटचे टप्पे : 2’ करायचे, नाहीतर ‘डब्ल्यू2’वर मागणी जाणारच नाही. फर्नेसच्या बोर्डवरचा छोटा स्विच (किंवा काही जुन्या मॉडेलमध्ये जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी) घड्याळावरून थर्मोस्टॅटकडे वळवायचा. त्याची जागा फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आकृतीत असते. हे दुसरे काम बरेच जण विसरतात आणि तक्रार जशीच्या तशी राहते.

रात्री तापमान फार खाली आणायची सवय असेल तर सोडा. 70 वरून 60 फॅरेनहाइटवर आणले की पहाटे दहा अंश भरून काढायला फर्नेस मोठ्या आचेवरच धावणार. दोन-तीन अंश कमी करणे पुरे. बिल अर्ध्यावर येईल अशी आशा मात्र धरू नका. दोन पातळ्यांचा फायदा मुख्यतः एकसारख्या उबेचा आणि कमी आवाजाचा आहे.

आणखी एक शक्यता तपासा. खोली अजून गार आहे, पंखा चालू आहे आणि ज्योत मात्र मध्येच विझते, असे होत असेल तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. फिल्टर तुंबला असेल. हवा कमी खेळते, आतली भट्टी जादा तापते आणि सुरक्षेचा लिमिट स्विच गॅस तोडतो. एक इंच जाडीचा फिल्टर दर महिन्याला बघावा, एक ते तीन महिन्यांत बदलावा. तंत्रज्ञ आलाच तर दोन्ही पातळ्यांवर आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक मोजून घ्या. तो फर्नेसवरच्या पाटीत छापलेल्या मर्यादेत बसायला हवा. फक्त मोठ्या आचेवर मोजून निघून जाणारे असतात.

प्रश्न : ड्राय बाल्कनीत 6 लिटरचा गॅस गिझर आहे. बाथरूममध्ये गार पाणी मिसळले की तो विझतो, न मिसळावे तर अंग भाजते. सेल बदलले, फरक नाही.
— वाचक, धनकवडी

उत्तर : एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. जानेवारीच्या सकाळी टाकीतले पाणी 18 अंशांवर असेल आणि आंघोळीला 40 हवे असेल, तर मिनिटाला 6 लिटरसाठी 132 किलोकॅलरी हव्यात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी 35 अंशांचे झालेले असते. तेव्हा 30 पुरतात. म्हणजे गरजेत चौपटीहून जास्त फरक, आणि गॅसचा नॉब कितीही कमी केला तरी आच एवढी उतरत नाही. म्हणूनच समर-विंटर स्विच दिलेला असतो. समरवर काही बर्नर बंदच राहतात. तो बाराही महिने विंटरवर असेल तर तुम्ही लिहिता तसेच होणार.

गार पाणी मिसळल्यावर गिझर विझतो, कारण मिक्सरमध्ये गार बाजू उघडली की गरम बाजूचा प्रवाह घटतो. गिझरमधला पडदा पाण्याच्या दाबाने हलतो, तेव्हाच स्विच दाबला जाऊन गॅस सुटतो. प्रवाह मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास आला की तो पडदा मागे सरकतो. बादलीवर मोजून बघा : 15 लिटरची बादली फक्त गरम नळाने भरायला सहा मिनिटे लागत असतील, तर तुम्ही काठावर आहात.

क्रम असा ठेवा. स्विच समरवर, गॅसचा नॉब सर्वांत कमी, गरम नळ पूर्ण उघडा. तरी कढत वाटले तर गिझरवरचा पाण्याचा नॉब जास्त प्रवाहाकडे फिरवा. हा नॉब ‘गरम’कडे फिरवला की पाणी कमी होते, आच वाढत नाही. गार पाणी मिसळायचे ते शेवटी आणि थोडेच. शॉवरऐवजी बादलीत मिसळले तर प्रश्नच उरत नाही.

प्रवाहच कमी असेल तर गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा. वरच्या मजल्यावर टाकीची उंचीच कमी पडते. दहा फुटांना जेमतेम 0.3 बार दाब मिळतो. टँकर किंवा बोअरचे पाणी असेल तर तांब्याच्या नळीत क्षार साचतात आणि वाट अरुंद होते. त्यासाठी सायट्रिक अॅसिडने सफाई होते, पण ती मेकॅनिककडून. आणि रिचार्जेबल सेल घातले असतील तर काढा : ते 1.2 व्होल्टचे, गिझरला 1.5 चे दोन लागतात.

प्रश्न : सोसायटीत पाइप गॅस आला. सिलिंडरचा गिझर त्यावर जोडता येईल का?
— वाचक, बाणेर

उत्तर : आहे तसा नाही. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून सुमारे 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपचा 21 ने, आणि त्याच घनफळात उष्णताही कमी. जुन्या जेटवर (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर) ज्योत मिणमिणती राहील. जेट बदलून मिळत असतील तर कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. तारेने किंवा ड्रिलने भोक मोठे करणारा प्लंबर दारातूनच परत पाठवा. काही मॉडेल बदलता येतच नाहीत. उलट प्रकार, म्हणजे पाइप गॅसचा गिझर सिलिंडरवर, जास्त धोक्याचा : ज्योत भडकते आणि काजळी धरते.

प्रश्न : बाल्कनी नाही. बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून गॅस गिझर चालेल का?
— वाचक, शनिवार पेठ

उत्तर : नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, चक्कर येते तोवर दार उघडायचेही त्राण उरत नाही. बंद खोलीत एक्झॉस्ट पंखा उलट चिमणीतला धूर आत ओढू शकतो. बाहेर, मोकळ्या हवेत जागा नसेल तर विजेचा गिझर घ्या. बाहेर बसवलेल्या गिझरचीही ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली की वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. केशरी रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती तपासून पाच वर्षांच्या आत बदला.