हसू आपसूक की आणलेलं? सुरुवात करताना

हसू आपसूक आलंय की मुद्दाम आणलंय, हे संगणकाला ओळखायला शिकवण्याची नुकतीच सुरुवात करत असशील, तर नुसत्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवर भिस्त ठेवू नकोस. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी 1862 मध्ये मांडलं, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण हवा तेव्हा हलवू शकतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदानेच आकसतो. हे अर्धंच खरं आहे. कुणी मुद्दाम मोठ्ठं हसलं, की गाल वर चढतात आणि डोळेही बारीक होतात. फोटोवरून निकाल देणारे इथेच फसतात.

म्हणून व्हिडिओ घे आणि वेळ मोज. ओठांच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर प्रत्येक फ्रेमला काढ, त्याला डोळ्यांमधल्या अंतराने भाग (माणूस कॅमेऱ्याजवळ सरकला तरी आकडा बिघडत नाही) आणि आलेख काढ. चढण, माथा, उतार असे तीन टप्पे दिसतील. आणलेलं हसू सहसा झपकन चढतं. आपसूक आलेलं हळूहळू, सलग उमलतं. उतारही मोज, नवखे तो कापूनच टाकतात आणि हाताशी असलेली माहिती वाया घालवतात.

डेटासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा यूव्हीए-निमो संच उत्तम: 400 माणसं, 1,240 व्हिडिओ, सेकंदाला 50 फ्रेम. फक्त एक पाळ: एकाच माणसाचे व्हिडिओ ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचा भाग) आणि टेस्ट (त्याला तपासायचा भाग) अशा दोन्हीकडे जाऊ देऊ नकोस. तसं झालं तर मॉडेल चेहरेच पाठ करतं आणि अचूकता उगाच फुगलेली दिसते.