पोत्झुओलीसाठी वेगळा दिवस काढावा का?

नेपल्समध्ये तीन दिवसांचा मुक्काम आहे, पोम्पेई ठरलेलेच आहे. मग जवळच्या पोत्झुओली गावातील प्राचीन अवशेषांसाठी एक दिवस द्यावा, की तुमचे एक परिचित म्हणतात तसे तेथे ‘तीन खांब आणि एक पडके अँफिथिएटर’ एवढेच आहे, असे तुम्ही विचारले आहे. हेच शब्द माझ्या घरातही बोलले गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. दिवस अवश्य काढा. वेळ कमी पडत असेल तर काप्री बेटाची सहल सोडा.

मी कोल्हापूरचा. आमच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ती सापडली, आणि तिच्यासोबत निघालेल्या कांस्यवस्तूंपैकी काही नेपल्सभोवतालच्या कंपानिया प्रांतात घडल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. पोत्झुओली, म्हणजे रोमन काळातील पुतिओली, हे त्याच प्रांतातील मोठे बंदर. अलेक्झांड्रियाहून येणारी जहाजे दीर्घकाळ येथेच लागत, आणि हिंदुस्थानचा माल अलेक्झांड्रियामार्गेच रोमकडे जाई. शाळकरी वयात ती मूर्ती पाहिल्यापासून हा किनारा पाहण्याची इच्छा मनात होती.

बरोबर माझे दाजी होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. हयात काँक्रीटमध्ये गेलेली. आम्ही नेपल्सहून कुमाना रेल्वेने गेलो. तिचे स्थानक बंदराच्या बाजूला असल्यामुळे प्रथम मॅकेलम, म्हणजे रोमन मंडई, लागली. १७५०मध्ये तेथे सेरापिस देवाची मूर्ती सापडल्यामुळे ही वास्तू दीर्घकाळ त्याचे मंदिर समजली गेली. रस्त्याच्या पातळीखाली एक खोलगट चौक आहे आणि त्यात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. दाजींनी कठड्यावरून एकदा खाली पाहिले आणि म्हणाले, “एवढ्यासाठी काप्री सोडली? असले खांब खिद्रापूरला ढीगभर आहेत.”

खिद्रापूरचे खांब अप्रतिम आहेत याविषयी वाद नाही. परंतु ते समुद्रात बुडून पुन्हा वर आलेले नाहीत. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. तिन्ही खांब तळाकडे गुळगुळीत आहेत, आणि साधारण साडेतीन मीटर उंचीपासून सुमारे पावणेतीन मीटरचा एक पट्टा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा झालेला आहे. ही भोके दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांनी पाडलेली आहेत. म्हणजे या मंडईखालची जमीन खचली, खांबांचा तळ गाळात गाडला गेल्यामुळे तेवढा वाचला, वरचा भाग समुद्राच्या पाण्यात राहून पोखरला गेला, आणि पुढे तीच जमीन खांबांसकट पुन्हा वर आली. हे गाव ज्वालामुखीच्या विस्तीर्ण कुंडात वसलेले आहे आणि ही चढउतार अजून थांबलेली नाही. १९८२ ते १९८४ या काळातच जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. चार्ल्स लायेल यांनी १८३०मध्ये आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथाच्या प्रारंभी याच खांबांचे चित्र छापले. हे सारे मी दाजींना सांगितले, दुर्बीणही पुढे केली. पण ते किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसले, आणि मी एकटाच चढ चढून अँफिथिएटरकडे गेलो.

मला खरी हळहळ वाटते ती यापुढच्या गोष्टीची. हे अँफिथिएटर आकाराने इटलीतील तिसऱ्या क्रमांकाचे मानले जाते, रोमचे कोलोसियम आणि कापुआ यांच्या खालोखाल. वरचा बैठकांचा भाग बराच झिजलेला आहे, परंतु रिंगणाखालचे तळघर जवळजवळ शाबूत आहे. छतातील चौकोनी झरोक्यांतून उजेड खाली येतो. त्याच झरोक्यांतून पूर्वी श्वापदांचे पिंजरे वर चढवीत. एके ठिकाणी दर्शनी विटांचा थर निसटलेला होता आणि आतले रोमन काँक्रीट उघडे पडले होते: करड्या चुन्यात घट्ट बसलेले हाताच्या मुठीएवढे दगड. ज्वालामुखीची जी राख चुन्यात मिसळल्यावर पाण्याखालीही घट्ट होते, तिला पोझोलाना हे नाव याच गावावरून मिळाले. दाजींनी नोकरीत हा शब्द हजार वेळा उच्चारला असेल, आणि ती भिंत त्यांच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. आजही घरात कोणी विषय काढला की ते ‘तीन खांबांपायी दिवस फुकट गेला’ असेच सांगतात. ते साफ चुकीचे आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटले आहे.

वेळेचे म्हणाल तर मॅकेलम, अँफिथिएटर आणि रिओने तेर्रा एका दिवसात आरामात होतात. रिओने तेर्रा ही किनाऱ्यावरच्या टेकडीवरील जुनी वस्ती १९७०मध्ये जमीन उचलली जाऊ लागल्यामुळे रिकामी करण्यात आली. तिच्याखालचे रोमन रस्ते पाहण्यासाठी आगाऊ नोंदणी करून जावे. सोल्फातारा हे वाफांचे विवर २०१७मधील दुर्घटनेनंतर बंद झाले, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तिकडे जाऊ नये. अलीकडे भूकंपाचे धक्केही वाढले आहेत, तेव्हा स्थळे उघडी आहेत का हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. गुडघे दुखत असतील तर चढ जाणवेल.

आणि तुमचे ते परिचित बरोबर येणार असतील तर कुमाना रेल्वेने जाऊ नका. नेपल्सहून मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाने गेल्यास वरच्या अंगाला उतरता येते आणि अँफिथिएटर आधी लागते. त्यांना प्रथम तळघरात न्या, भिंतीला हात लावू द्या, आणि मग उताराने खाली येऊन ते तीन खांब दाखवा.