कुंद्याला द्रोण दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू करतेयस त्या मोबाइलवरच्या खेळाची सगळी चिन्हं मिळाली. दुकान बंद केल्यावर मोठ्या स्क्रीनवर बघितली, मग मुद्दाम मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढी करून बघितली. मोठी असताना झकास दिसतात. लहान केल्यावर मात्र राजहंसगड चढणारी तुझी मावळण, म्हणजे खेळातली बाई मावळा, आणि तिच्या मागचा बुरूज एकमेकांत मिसळून गेले. नथ, नऊवारीचा काठ, ढालीवरची नक्षी, सगळ्यांचा मिळून एक तपकिरी डाग उरला. प्ले स्टोअर 512 बाय 512 पिक्सेलचं चित्र मागतं हे खरं, पण लोकांच्या फोनवर ते ज्या मापात दिसतं त्यात नथ बसत नाही.

मी काही गेमवाला नव्हे, भिंतीवर सूत मारून अक्षरं काढणारा पेंटर. पण चिन्ह ओळखू येणं म्हणजे काय, ते त्या भिंतींनीच शिकवलं. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, उमेदवाराला यादीतलं मोकळं चिन्ह मिळतं: पंखा, शिलाई मशीन, ऑटोरिक्षा. खानापूर, हुक्केरीकडं ती रंगवत फिरायचो तेव्हा हिशेब एकच असायचा, की धावत्या एसटीतून, चष्मा घरी राहिलेल्या म्हातारीला ते कळलं पाहिजे. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे चित्रकार होते, 1992 साली निवृत्त झाले. त्यांनी पेन्सिलीनं काढलेली चिन्हं पुढं कितीतरी वर्षं मतपत्रिकांवर येत राहिली. काळी रेघ, बास. शेडिंग करायचा मोह त्यांनाही झाला असेल की, पण केलं नाही.

तू मारिओची एवढी भक्त, तर त्याचंच बघ. 1981 साली निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोनं 'डाँकी काँग' केला तेव्हा त्या माणसासाठी जागा होती सोळा पिक्सेल रुंद आणि सोळा उंच. तेवढ्यात तोंड काढलं तर दिसेना, म्हणून नाकाखाली मिशी आली. उडी मारताना केस हलवत बसायला नको म्हणून टोपी. हात पुढं-मागं होतोय हे कळावं म्हणून डांगरी, म्हणजे बाहीचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा. आता गंमत अशी, की त्या पहिल्या खेळात डांगरी लाल होती आणि शर्ट निळा. आज बरोबर उलटं आहे. रंगांची अदलाबदल झाली तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण टोपी, नाक आणि मिशीची कड तीच राहिली. तुझी मावळण एकदा पूर्ण काळी करून बघ. माझ्या डोळ्याला तिच्यात दोनच गोष्टी तिच्या स्वतःच्या दिसतात, अंबाडा आणि खोचलेला पदर. त्या मोठ्या कर. अंबाडा डोक्याच्या निम्मा झाला तरी चालेल, लाजू नको. नथ राहू दे जाहिरातीच्या पोस्टरला.

कड जमली तरी निम्मंच काम झालं. तू आधी चिन्ह काढतेस आणि मग ते खेळात कुठं बसवायचं ते शोधत बसतेस. हे उलटं आहे, आणि या पत्रात दुसरं काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं वाच. नामकोच्या तोरू इवातानीचा 'पॅक-मॅन' 1980 सालचा. एक फोड काढलेल्या पिझ्झावरून सुचला ही गोष्ट सगळे सांगतात. इवातानीनं स्वतः ती अर्धीच खरी म्हणून सांगितलंय. ते जाऊ दे. त्या पिवळ्या गोलाला डोळा नाही, हातपाय नाहीत. त्याचं काम खाण्याचं, म्हणून त्याचं सगळं अंग म्हणजे तोंड.

आणि ती भुतं! चौघांचा साचा एकच, रंग वेगळे: तांबडं, गुलाबी, आकाशी, नारिंगी. प्रत्येकाची खोड निराळी. तांबडं थेट पाठीला लागतं, गुलाबी पुढं जाऊन वाट अडवायला बघतं. चार डाव खेळलेल्या पोराला रंग बघूनच कळतं कुणापासून कसं पळायचं. मोठी गोळी खाल्ली की चारही निळी पडतात, आणि आतापर्यंत पळणारा पाठलागाला लागतो. पडद्यावर एक ओळ लिहिलेली नाही. निळ्या भुताला खाल्लं की अंग जातं आणि नुसते दोन डोळे घराकडं पळत सुटतात. ते डोळे एरवीही बिनकामाचे नाहीत. भूत ज्या बाजूला वळणार त्या बाजूला ते बघतात. यूट्यूबवर वेग कमी करून बघ एकदा. दोन पांढरे ठिपके, त्यात बुबुळं, आणि तेवढ्यात समोरच्याची पुढची चाल सांगून टाकलेली! तुझ्या शत्रूसैनिकांना इतक्या दाढ्या काढल्यास, पण ते कुठं बघतायत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता कुंदा, आपली बेळगावची मिठाई. कुंदा खाल्ला की मावळणीची ताकद वाढते, ही कल्पना मला बेहद्द आवडली. बेळगावच्या पोरीलाच सुचणार ते! पण कुंद्याला आकार नाही गं. तो रवाळ तपकिरी ढीग, बत्तीस पिक्सेलमध्ये गूळ वाटेल, माती वाटेल, आणखी काय वाटेल ते लिहीत नाही. त्याला द्रोण दे. खाली हिरवा द्रोण, त्याची दोन्ही टोकं वर आलेली, मधे तपकिरी उंचवटा, चमक म्हणून एक पांढरा ठिपका. मग चित्राचं काम संपलं, पुढचं खेळानं करायचं. पहिला कुंदा चुकवताच येणार नाही अशा जागी ठेव आणि खाल्ल्याबरोबर मावळण डोळ्यांदेखत वाढू दे. 1985च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पहिला मश्रूम असाच येतो. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघतो, उजवीकडं जातो, पाइपला आपटून उलटा फिरतो आणि थेट खेळाडूच्या अंगावर. उडी मारून चुकवायला जावं तर वरचे ठोकळे आडवे येतात. लागतो एकदाचा, आणि मारिओ मोठा होतो. तिथून पुढं जन्मभर त्या टोपीवाल्या मश्रूमचा अर्थ विसरत नाही कोणी.

बाकीच्यांचं थोडक्यात. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा खेकडा 1978चा, अकरा ठिपके रुंद आणि आठ उंच. 'माइनक्राफ्ट'चा क्रीपर म्हणजे डुक्कर करताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले त्यातून निघालेला प्राणी, आणि तो ठेवून दिला हे शहाणपण. पोकेमॉनचा चेंडू पोरं वहीच्या मागच्या पानावर न बघता काढतात. ही परीक्षा तूही घे: शेजारच्या पोरांना चिन्ह एकदा दाखव आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं काढायला सांग. जे त्यांच्या कागदावर येत नाही ते तुझ्या चित्रातूनही जाऊ दे.

रंगाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण हे तुला पुण्या-मुंबईचा कुणी सांगणार नाही. सुरुवातीचं बटण तू वर पिवळं, खाली लाल केलंस. तुझ्या मनात हळदी-कुंकू असणार, सौंदत्तीची यल्लम्मा असणार. पण बेळगावात तो जोड दिसला की माणसाला आधी कन्नड झेंडा दिसतो. तेच चिन्हाच्या कोपऱ्यातल्या केशरी त्रिकोणाचं, तो मराठी भगवा दिसतो. 1 नोव्हेंबरला एकीकडं कन्नड राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस, तेव्हा आपल्या गावात कोण काय हातात धरतं, हे तुला सांगायला नको. तो त्रिकोण बघितला की चिक्कोडीचं पोर किंवा आपल्या शहापूरचं पोर, दोघंही आधी बाजू ठरवणार आणि मग खेळ उघडणार की नाही ते. झेंडा गडावर राहू दे, तिथं तो शोभतोच. बाहेरच्या चिन्हात नको. भित्रा म्हण हवं तर, पण माझ्या दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं येतात आणि तुझ्याकडंही यावीत. बटणाला गडद निळा लाव, या भांडणात तो कुणाच्याच बाजूचा नाही.

'हो'साठी गोल ठेवू की फुली, असं विचारलंस. प्लेस्टेशन 1994 साली जपानात आलं. तेयू गोतोनं त्याच्या बटणांवर अक्षरांऐवजी आकार घातले: त्रिकोण म्हणजे नजरेची दिशा, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. जपानी मास्तर बरोबर उत्तराला गोल करतात. आपले मास्तर चुकलेल्या शब्दाला गोल करायचे आणि चुकलेल्या गणितावर फुली मारायचे, म्हणजे आपल्याला दोन्ही खुणा मार खायच्याच. तिकडं अमेरिकेत फुलीच 'हो'ची झाली, आपल्याकडंही तेच मशीन आलं, आणि 2020च्या प्लेस्टेशन 5 पासून जपानातही फुलीच 'हो' झाली. तुझा खेळ मोबाइलवर चालणार, तर या भानगडीत पडूच नको. बरोबरची खूण ठेव.

तसंच बदाम, थांबवायच्या दोन उभ्या रेघा, सेटिंगचं चाक, हे आहे तसं वापर. चाकाच्या जागी तू जातं काढलंस. मला वाटलं इथं दळण मिळतं. नवीन काही करायचं ते मावळणीत आणि कुंद्यात कर, बाकी सगळं लोकांना आधीच पाठ असलेलं असू दे. नावाची अक्षरंही चिन्हातून काढ. शिरोरेघ त्या मापात नुसती आडवी पट्टी दिसते, आणि रायबागच्या पोराला मराठी वाचता येईलच असं नाही. अक्षर चालतं ते 'काँट्रा'तल्या त्या 'एस'सारखं. टीव्हीला जोडायच्या गेमच्या पिवळ्या कॅसेटवर तो खेळणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोरांना इंग्रजी येत नव्हतं, पण एस पकडला की गोळ्या पंख्यासारख्या सुटतात हे बालवाडीतल्यालाही ठाऊक.

तिसऱ्या पातळीवरची प्रश्नचिन्हाची सोनेरी पेटी मात्र काढून टाक. ती कुणाची आहे हे सगळ्यांना कळतं. 'टेट्रिस'ची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध अमेरिकेतल्या कोर्टानं 2012 साली निकाल दिला. खेळाचे नियम कुणीही वापरावेत, पण दिसणं उचलू नये, असा त्याचा मथितार्थ. तुझी पेटी लाकडी कर, वर पितळी कडी. नाहीतरी गडावर सोन्याचे ठोकळे कुठले?

पुण्याला मुलाखतीला निघालीस असं आई म्हणाली. जायच्या आधी नॉडिंग हेड्सचा 'राजी' थोडा तरी खेळून जा. 2020 सालचा, पुण्यातच झालेला, आणि आपल्या देवळांच्या कोरीव कामातून काय घ्यावं आणि काय सोडावं ते त्यात बघायला मिळतं. सोबत तयार चिन्हांबरोबर कच्ची कागदंही ने, खोडलेली सुद्धा. आईला नमस्कार सांग.

तुझा,
पेंटर मामा

ता. क. पुढच्या वेळी आधी काळ्या-पांढऱ्यात पाठव. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नको, डॉक्युमेंट म्हणून पीएनजी फाइल टाक. फोटो दाबला जातो आणि कडा फुटतात, मग चूक तुझ्या हाताची की व्हॉट्सॲपची ते मला कळत नाही.