थंडीत पहाटे मोटारसायकल चालवताना हात बधिर होतात, लोकरीचे दोन-दोन हातमोजे घालूनही फरक नाही. काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून साक्रीकडे पहाटे निघता आणि नेर येईपर्यंत ब्रेक दाबला की नाही तेच बोटांना कळत नाही. दोनाचे चार मोजे घातले तरी तेच होणार. लोकर उभ्या माणसाला गरम ठेवते, पण गाडी ६० ला गेली की वारा तिच्यातून आरपार जातो. आपल्याला आधी वारा अडवायचाय, ऊब नंतर.

हवामानवाले थंडी आणि वारा मिळून अंगाला किती गार लागतं त्याचं एक गणित करतात. त्या हिशोबाने ८ डिग्री असताना ६० च्या स्पीडचा वारा लागला तर उघड्या कातडीला साधारण २ डिग्रीसारखं लागतं. आणि धुळ्याला ८ म्हणजे काही विशेष नाही, पारा त्याच्याही खाली जातो. गंमत म्हणजे ४० ने चालवलं तरी ते ३ च्या आसपासच येतं, म्हणजे हळू चालवून हात काही वाचत नाहीत, उलट थंडीत जास्त वेळ राहता. (धुकं असेल तर हळूच चालवा, ते वेगळं.)

मी अडावदकडून जळगाव एमआयडीसीला फर्स्ट शिफ्टला येतो. केळीच्या बागांना रात्री पाणी सोडलेलं असतं तिथे रस्त्यावरच गारठा बसलेला असतो आणि विदगावला तापीच्या पुलावर तर विचारूच नका, खालून पाण्यावरचा वारा येतो तो सरळ बाहीत शिरतो. पहिले करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जातं, मग क्लच दाबताना बोटं लाकडाची असल्यासारखी वाटतात, आणि कंपनीच्या गेटवर गाडीची चावी काढायला दोन्ही हात लागतात.

आता सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो. आतून पातळ सुती मोजे, त्याच्यावर प्लास्टिक, म्हणजे मेडिकलवर मिळतात ते रबरी हातमोजे एक साईज मोठे घ्या, आणि त्याच्यावर तुमचे लोकरीचे, पण दोन नाही, एकच. प्लास्टिक सगळ्यात वरून घालू नका, ग्रिपवर हात सटकतो आणि रेस सुटते. लांब रस्त्याला आत घाम येतो, सुती मोजा ओला झाला की त्याच्यासारखं गार काही नाही, म्हणून खिशात एक कोरडी जोडी ठेवायची. सगळं मिळून हात आवळला जात असेल तर एक थर कमी करा, कारण घट्ट मोज्यात रक्त बोटापर्यंत पोहोचत नाही. तुमचं बहुतेक तिथेच चुकतंय, दोन लोकरीचे एकावर एक म्हणजे बोट वाकतही नसेल नीट.

दुसरी गोष्ट मनगट. मोजा संपतो आणि जाकिटाची बाही सुरू होते तिथे दोन बोटं जागा उघडी राहते आणि तिथे रक्ताच्या नसा अगदी कातडीखाली असतात, बोटाकडे जाणारं रक्त तिथेच गार होतं. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून टाका आणि वरची नळी मनगटावर चढवा, अर्धी मोज्याखाली अर्धी बाहीखाली. फुकटचं काम आहे, पण मला तरी याच्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

तिसरं ऐकून हसाल, पण हात गरम ठेवायला छाती गरम पाहिजे. छातीला हिव लागलं की शरीर पहिले पोटातल्या-छातीतल्या अवयवांना सांभाळतं आणि हातापायाच्या नसा आवळून घेतं, मग हजाराचे ग्लोव्हज घाला नाहीतर दोन हजाराचे. आपल्याकडे म्हातारी माणसं सदऱ्याच्या आत पेपर घालून गाडीवर निघतात आणि पोरं जाकीट उलटं घालतात, चेन पाठीमागे, ते येडे नाहीत. पेपरची चार पानं छातीवर, गळ्याला मफलर घट्ट, कान झाकलेले, एवढं केलं की हात आपोआप सुधारतात. निघण्याआधी गरम काहीतरी पोटात टाका. विडी-सिगारेटने उलट नसा आवळतात, आणि दारूचं तर नावच घेऊ नका, तिने गरम वाटतं पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते, गाडीवर असताना तर विषयच नाही.

खर्च करायचाच असेल तर हँडलला लावायचे कव्हर घ्या, ते मोठ्या पिशवीसारखे असतात ना, हात आत घालून ग्रिप धरायची. दिसायला एकदम बेकार, मित्र हसतील, पण यांच्यासारखं काहीच नाही, आत पातळ मोजा पुरतो. फक्त बसवल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा, हात झटकन बाहेर निघतो का, इंडिकेटर-हॉर्न न बघता सापडतात का. आणि वाऱ्याने कव्हर दबून ब्रेकच्या लिव्हरवर टेकत नाही ना ते बघा, टेकलं तर मागचा लाल लाईट चालूच राहतो आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काही समजत नाही.

गरम होणाऱ्या ग्रिप मी तरी नाही सांगणार. फुल्लवर त्या साध्या गाडीच्या हेडलाईटइतका करंट ओढतात, आणि स्प्लेंडरसारख्या गाडीची बॅटरी ती केवढी. शिवाय आपल्याकडची थंडी किती दिवसाची, डिसेंबर-जानेवारी गेला की मे महिन्यात त्याच ग्रिपला उन्हात हात लावता येत नाही. बर्फातले जाड ग्लोव्हजपण नको, सकाळी अकराला हात उकडतात. लेदरचे किंवा वारा न शिरणारे, मनगटाच्या वर चढणारे, आत पातळ अस्तर असलेले घ्या. दुकानात घालून मूठ वळून बघा, बोटाच्या टोकाला थोडी जागा राहिली पाहिजे.

चालवताना मूठ आवळून धरू नका, थंडीत आपोआप आवळली जाते. मध्येच गाडी साईडला घेऊन हात खांद्यापासून गोल फिरवा, रक्त बोटापर्यंत जातं. इंजिनजवळ हात शेकायचा तर मोजा घालूनच, सायलेन्सरला टेकवू नका, आतलं रबर वितळतं. चहाच्या टपरीवर शेकोटी दिसली तरी बधिर हात एकदम जाळावर धरायचे नाहीत, भाजलेलं कळतच नाही, आधी दोन मिनिटं काखेत दाबून धरा, झणझण्या आल्या की मग शेकोटीजवळ जा.

बाकी बोटं पांढरीफटक पडून मग निळी-लाल होत असतील, किंवा घरी बसल्यावरपण मुंग्या येत असतील, तर ती निव्वळ थंडी नाही. शुगर, नस दबणं, असं काहीही असू शकतं, डॉक्टरला दाखवा.