फायर प्रोटेक्शन आणि बिल्डिंग सेफ्टीचा कोर्स ऑनलाइन केला, तर खरंच काही येतं का?

थिअरी नक्की येते, आणि या विषयात ती भरपूर आहे. धूर कुठे साचतो, जिना किती रुंद हवा, कोणता दरवाजा आग किती वेळ अडवेल, हे नकाशे वाचून आणि गणितं सोडवूनच पक्कं होतं. स्प्रिंकलरचं, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या उपकरणाचंच बघा. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. आतला द्रव लाल असेल, तर ती ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास फुटते, आणि ज्याची नळी फुटली तेवढंच तोंड पाणी सोडतं. सिनेमात सगळे एकदम सुरू होतात, तसं नेहमीच्या यंत्रणेत होत नाही.

जुन्या दुर्घटना मात्र मन लावून अभ्यासा. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात लागलेल्या आगीत १४६ जीव गेले. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. हे वाचल्यावर नियमांकडे बघायची नजरच बदलते.

एक्स्टिंग्विशर चालवणं, पंप आणि अलार्म पॅनेल तपासणं स्क्रीनवर बघून हातात बसत नाही. म्हणून प्रत्यक्ष सराव किती दिवसांचा, हे प्रवेशाआधीच विचारा. तोवर रोजच्या वावरातल्या इमारतीत जिन्याचे फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारे दरवाजे बघत जा. एखादं वीट लावून उघडं ठेवलेलं दिसलं, तर लगेच सांगा. जिना धुराने भरायला तेवढी फट पुरते.