कानात वाटाड्या, पायाखाली पेठ

पुण्याच्या जुन्या पेठा मोबाइलवरचे ऑडिओ ऐकत, आपलं आपण फिरून पाहण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले सहा या वेळी घेतले आहेत.

एका दिवसासाठी पुण्यात येतोय. गाईड नको, ऑडिओ ऐकत फिरू म्हणतो. सगळे शनिवारवाड्यापासून सुरुवात करायला सांगतात. तसंच करू का?
— वाचक, सोलापूर

करू नका. शनिवारवाडा सोपा म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, पण त्या क्रमाने गेलं की प्रत्येक ठिकाणी चुकीच्या वेळी पोचायला होतं. सकाळी नऊला तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, शिराल तर हातोडे अजून सुरू झालेले नसतात आणि साडेअकराला तुळशीबागेत पोचाल तेव्हा उभं राहून दोन मिनिटं ऐकायलाही जागा उरलेली नसते.

उलटं चाला. सकाळी साडेसातला मंडई मेट्रो स्टेशनवर उतरा. महात्मा फुले मंडईत भाजीचा बाजार तेव्हा रंगात आलेला असतो. १८८६ची ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत आधी बाहेरून एक फेरी मारून पाहा, मगच आत जा. तिथून बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यासमोर या. दुसऱ्या बाजीरावाने १८०७मध्ये बांधलेल्या या वाड्याचा लाकडी दर्शनी भाग पाहायला समोरच्या फुटपाथवर उभं राहावं लागतं. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुलं, बाहेर आलेला सज्जा, हे सगळं खालून मान वर करून दिसत नाही. मग तुळशीबाग. दुकानं उघडायच्या आत गेलात तर राममंदिराचं शिखर आणि आवार मोकळं मिळतं. पुढे लक्ष्मी रस्ता ओलांडून नाना फडणवीसांची बेलबाग (हे विष्णूचं देऊळ), मग त्यांचाच नानावाडा, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि शेवटी तांबट आळी. तिथे साडेदहानंतर पोचा. परतायला कसबा पेठ मेट्रो स्टेशन जवळच आहे.

अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, पण वेळ साडेतीन तासांचा धरा. यातला पाऊण तास शनिवारवाड्याच्या आत जातो.

तयार टूर शनिवारवाड्यापासून सुरू होणारी असेल तर ॲपमधलं आपोआप वाजणं बंद करा आणि यादीतून हवा तो भाग हाताने लावा. ‘आता डावीकडे वळा’ या सूचना अर्थातच उलट्या पडतील. त्या ऐकून सोडून द्यायच्या, रस्ता नकाशावर बघायचा.

शनिवारवाड्यासमोर उभे असताना ॲप लाल महालाची माहिती सांगू लागलं. पुढे कसब्याच्या बोळात तर बंदच पडलं. फोन खराब आहे की ॲप?
— वाचक, नाशिक

बहुधा दोन्ही नाहीत. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं जीपीएसचं. उघड्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. बोळात दोन्हीकडे तीन-चार मजली भिंती आल्या की उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. प्रत्येक ठिकाणाभोवती ॲपने एक अदृश्य वर्तुळ आखलेलं असतं. त्यात तुम्ही शिरलात असं फोनला वाटलं की आवाज सुरू. शनिवारवाडा, लाल महाल आणि कसबा गणपती ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना लागून असल्याने वर्तुळं मोठी असली की गोंधळ होणारच. भुयारी मेट्रोतून बाहेर आल्यावर हे जास्त घडतं, कारण खाली फोनला आकाश दिसलेलंच नसतं. उपाय साधा आहे. बाहेर आलात की मोकळ्या जागी दोन मिनिटं थांबा, नकाशावरचा निळा ठिपका तुमच्या पायाखाली आला की मग निघा. मंडईसमोर किंवा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढच्या पटांगणात हे चटकन होतं. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो.

दुसरं दुखणं बॅटरी वाचवण्याच्या सोयीचं. स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की अनेक अँड्रॉइड फोन मागे चाललेलं ॲप झोपवतात. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि लोकेशनची परवानगी फोन देत असेल तर ‘नेहमी’ ठेवा. फिरून झालं की दोन्ही पूर्ववत करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत फोन मान टाकेल. टूर घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करा आणि डाटा बंद करून पहिला भाग वाजतो का ते निघण्यापूर्वी तपासा. डाउनलोड झालं असं समजून निघालेल्यांची फाइल निम्म्यावर अडकलेली असते, हे फार होतं.

बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे हेडफोन घ्यावेत का?
— वाचक, ठाणे

पेठांमध्ये मुळीच नाही. एकाच कानात इअरफोन घाला आणि रस्त्याकडचा कान मोकळा ठेवा. एकाच कानाने ऐकताना निम्मा आवाज गायब झाल्यासारखा वाटतो, कारण काही रेकॉर्डिंगमध्ये दोन बाजूंना वेगळं काही भरलेलं असतं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू केलं की सगळं एका कानात येतं.

शिवाजी रस्त्यावर वाहनं शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात. वर सांगितल्याप्रमाणे मंडईकडून निघालात तर ती समोरून येताना दिसतात, हा उलट्या क्रमाचा आणखी एक फायदा. अर्थात एकेरी वाहतूक हा पुण्यातल्या दुचाकीस्वारांना नियम नसून नम्र सूचना वाटते, तेव्हा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा आणि ऑडिओ थांबवा. ऐकायचं ते उभं राहून, भिंतीला पाठ लावून. चालता चालता ऐकलं की कानातलं आणि डोळ्यांसमोरचं यांची गाठच पडत नाही.

आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. तिला झेपेल का?
— वाचक, सातारा

एका दमात नाही. मंडई ते बेलबाग एका सकाळी, शनिवारवाडा ते तांबट आळी दुसऱ्या सकाळी. बसायला तुळशीबागेतल्या मंदिराचं आवार आणि कसबा गणपतीचा सभामंडप बरा. शनिवारवाड्याच्या तटावर चढायच्या पायऱ्या उंच आहेत. आईंना खाली बागेत सावलीत बसवा आणि तो भाग तिथेच ऐकू द्या.

ऑडिओत सांगतात ते खरं किती, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखावं?
— वाचक, बेळगाव

तीन ठिकाणी कान टवकारा. लाल महालापाशी ‘शिवाजी महाराज वाढले ती हीच वास्तू’ असं सांगितलं तर पुढच्या माहितीवरही भरवसा ठेवू नका. मूळ महाल केव्हाच गेला, आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली आहे. भिडेवाड्यापाशी, म्हणजे १८४८मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तिथे, ‘समोरचा जुना वाडा पाहा’ असं ऐकू आलं तर रेकॉर्डिंग शिळं आहे. तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३मध्ये पाडला.

तिसरं ठिकाण शनिवारवाडा. तिथे ‘काका मला वाचवा’ला दहा मिनिटं आणि वास्तूला एक मिनिट दिलेलं असेल, तर ती टूर भुताची गोष्ट विकते आहे. निदान पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची, दोन्ही दिवस शनिवार, आणि १८२८च्या आगीत आतला वाडा जळाल्याने आज जोती, तट, दरवाजे आणि नगारखाना तेवढा उरला, एवढं तरी यायलाच हवं. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा का दिसतो, हे जो समजावून सांगतो तो ऑडिओ चांगला.

सोसायटीतल्या मुलांसाठी मराठीत स्वतःच ऑडिओ टूर करायची आहे. कशी करावी?
— वाचक, पिंपरी

ठिकाणं आठच घ्या. प्रत्येकाला दीड ते दोन मिनिटं, म्हणजे सावकाश वाचलं तर दोनशे-सव्वादोनशे शब्द. पहिल्या वाक्यात इतिहास नको, उभं कुठे राहायचं ते सांगा: ‘टिळकांच्या पुतळ्यापाशी या, तोंड मंडईच्या मनोऱ्याकडे करा.’ दुसऱ्या वाक्यात डोळ्यांनी शोधायची एकच गोष्ट. सनावळी त्यानंतर, आणि एका ठिकाणी दोनपेक्षा जास्त नको. खूण म्हणून दुकानाची पाटी सांगू नका, पाट्या बदलतात. देऊळ, चौक, पुतळा टिकतात.

रेकॉर्डिंग फोनवरच करा. पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, समोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुंकर फटकन बसते. ६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री मिनिटाला साधारण अर्धा एमबी घेते, म्हणजे आठही भाग मिळून दहा एमबीच्या आत.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवता येतं, पण व्हॉइस मेसेज एकाखाली एक टाकले तर एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि मुलं मंडईत उभी राहून बेलबागेबद्दल ऐकत बसतात. दोन मेसेजच्या मध्ये त्या त्या ठिकाणचा फोटो टाका. गणेशोत्सवात टूर ठेवू नका, मांडवांनी अर्ध्या वाटा बदललेल्या असतात.

तांबट आळीसाठी मात्र अर्ध्या मिनिटाचंच रेकॉर्डिंग करा. मठारकाम म्हणजे काय, एवढंच सांगा: तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकाला एक लागून ठोके देत जायचे, त्याने भांडं घट्ट होतं आणि अंगभर चकचकीत ठिपके उमटतात. त्यापुढे एकच सूचना: ‘आता इअरफोन काढा.’ भांडं पोकळ असताना ठोका घणघणतो, बुडाशी आला की आवाज बसका होतो. मुलांना हा फरक ओळखायला सांगा. फोटो काढण्याआधी कारागिराला विचारायचं, आणि हातोडा वर असताना विचारायचं नाही.