आकाशगंगा एकच, दीर्घिका अनेक

'एलियन'साठी 'परग्रहवासी' हा प्रतिशब्द योग्य आहे का, आणि बातम्यांत येणारी 'दुसऱ्या आकाशगंगेतील बुद्धिमान परग्रहवासी' ही शब्दयोजना शुद्ध मानावी का, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर चटकन देतो. परग्रहवासी हा शब्द सुटसुटीत आहे, रुळलेला आहे, तो खुशाल वापरावा. गुरूच्या युरोपा या चंद्रावर उद्या कोणी सापडलेच, तर उपग्रहावर राहणाऱ्याला काय म्हणायचे हा वाद तेव्हा घालू. माझी खरी तक्रार दुसऱ्या भागाबद्दल आहे, कारण 'दुसरी आकाशगंगा' ऐकून ऐकून कान किटले आहेत.

आकाशगंगा हे विशेषनाम आहे. ताऱ्यांच्या ज्या अफाट समुदायात आपला सूर्य आहे, त्याचे ते नाव, आणि अंधाऱ्या रात्री दिसणारा पांढुरका पट्टा हे त्याचे दृश्य रूप. अशा कोणत्याही समुदायाला मराठीत 'दीर्घिका' हा देखणा शब्द उपलब्ध आहे. म्हणून देवयानी ही दुसरी दीर्घिका होय, दुसरी आकाशगंगा नव्हे.

संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट आकाराचे बांधीव तळे. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात उजाड झालेल्या अयोध्येची अधिदेवता कुशापुढे येऊन गाऱ्हाणे मांडते की, ज्या दीर्घिकांचे पाणी जलक्रीडा करणाऱ्या स्त्रियांच्या हातांच्या थापांनी मृदंगासारखे घुमत असे, ते आता रानरेड्यांच्या शिंगांचे तडाखे खाऊन आक्रोश करते आहे. हा शब्द खगोलशास्त्रात आणणाऱ्याच्या मनात, माझ्या मते, पाणीच असले पाहिजे: आपली ती गंगा, तर दूरवर विखुरलेल्या बाकीच्या पुष्करणी. दुर्बिणीतून हे समुदाय लांबट दिसतात म्हणून 'दीर्घ'वरून 'दीर्घिका' केले, एवढ्यावर काही जाणकार समाधान मानतात. त्यांनी एम८७ ही जवळजवळ गोल दिसणारी दीर्घिका एकदा पाहावी आणि मग बोलावे. हिंदीने यासाठी घेतलेला 'मंदाकिनी' हा शब्दही स्वर्गंगेचेच नाव आहे, म्हणजे ओढ तिथेही पाण्याचीच. मात्र एकाच नदीच्या नावाचे अनेकवचन करण्याची अडचण हिंदीने ओढवून घेतली आणि मराठीने टाळली, हे मराठीचे श्रेय मोकळेपणाने मान्य करायला हवे.

'भाषा प्रवाही असते, आकाशगंगा हे आता सामान्यनाम झाले आहे', असे सांगणारे भाषातज्ज्ञ भेटतात. त्यांनी अंतरांचा हिशेब केलेला नसतो. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेले प्रसिद्ध समीकरण, संपर्क साधू शकणाऱ्या संस्कृती किती असतील याचा अंदाज घेते, पण तो केवळ आपल्या आकाशगंगेपुरता. त्याआधी १९६० साली त्यांनी रेडिओ दुर्बीण ज्या दोन ताऱ्यांकडे वळवली, ते दोन्ही बारा प्रकाशवर्षांच्या आतले होते (त्यांपैकी एक यमुना तारकासमूहातला, पुन्हा नदीच!). पोर्तो रिकोतील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीतून १९७४ साली एम१३ या तारकागुच्छाकडे पाठवलेला संदेश सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे जायचा आहे, म्हणजे तिथून कोणी तत्परतेने उत्तर दिले तरी ते यायला एकूण ५० हजार वर्षे लागतील. आणि हाही सगळा घरातल्या घरातला पत्रव्यवहार आहे. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर असल्याने तिच्याशी एकच प्रश्नोत्तर व्हायला ५० लाख वर्षे लागतात. ज्या शब्दामुळे हा फरक पुसला जातो, त्याला प्रवाही म्हणून कसे चालेल?

के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून निर्माण होणाऱ्या वायूच्या खुणा दिसल्याचा दावा २०२५ साली झाला आणि त्यावर शास्त्रज्ञांनी लगेच शंकाही घेतल्या. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आकाशगंगेच्या सुमारे एक लाख प्रकाशवर्षांच्या व्यासाचा जेमतेम आठशेवा भाग. अशा वेळी 'दुसऱ्या आकाशगंगेत बुद्धिमान परग्रहवासी' असे लिहिणाऱ्याने ठिकाणही चुकवलेले असते आणि शेवाळाच्या तोलाच्या जिवाला बुद्धीही बहाल केलेली असते. 'आकाशगंगेतील एका ग्रहावर सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचा वादग्रस्त दावा' असे लिहिले की पुरे. त्यात परग्रहवासी हा शब्द लागतच नाही.